कोनाड्यातील तीन बुधल्या

मुक्काम कंधार,
मृग नक्षत्राच्या तोंडावर

चिरंजीव बाळ यास,

तुझे पत्र पावले. नव्या घराच्या दाराची बिजागरी कुरकुरते म्हणून तू तिला स्वयंपाकघरातील सूर्यफुलाचे तेल घातलेस आणि थोड्याच दिवसांत तिच्यावर चिकट कीट चढून दार पूर्वीपेक्षा अधिकच अडखळू लागले, असे तू लिहितोस. आणि त्याच पत्राच्या शेवटी, देवडीतल्या कोनाड्यात आजोबा तीन निरनिराळ्या बुधल्या कशासाठी ठेवीत, असेही विचारतोस. या दोन मजकुरांचा परस्परांशी किती निकटचा संबंध आहे, हे लिहिताना तुझ्या ध्यानी आले नसावे.

आजोबांची पेशकारी निजामाच्या अमदानीतली. नोकरी संपली, राज्य गेले, तरी दप्तरी शिस्त काही सुटली नाही. प्रत्येक बुधलीच्या गळ्यात उर्दू अक्षरांची चिठ्ठी बांधलेली असे आणि एका बुधलीचे बोळे दुसरीत बुडवण्याची कोणासही मुभा नव्हती. मृगाचा पाऊस लागण्यापूर्वी या बुधल्या बाहेर निघत, आणि घरातील प्रत्येक दार, खांब, कडी-कोयंडा यांची जणू जमाबंदीच होई.

पहिली बुधली एरंडेलाची. आपल्या थोरल्या दाराला बिजागऱ्या नव्हत्या, हे तुला आठवत असेल. कवाडाच्या एका कडेला वर-खाली लाकडाचेच खुंट काढलेले होते. खालचा दगडी उखळीत फिरे आणि वरचा चौकटीवरल्या लाकडाच्या भोकात. दख्खनच्या किल्ल्यांचे दरवाजे बहुधा याच रीतीने बसवलेले आढळतात. त्या अवजड कवाडाचा सारा भार खालच्या खुंटावर येई, आणि अशा दाबाखाली पातळ तेल पिळून निघून जाते. एरंडेल मात्र टिकून राहते, कारण त्यातील मेदाम्लांपैकी सुमारे 90 टक्के भाग रिसिनोलिक आम्लाचा असतो व त्यामुळेच त्याला इतर कोणत्याही घाण्याच्या तेलात न आढळणारा दाटपणा येतो. आमचे गाडीवान बैलगाडीच्या आसाला याचेच वंगण देत. विलायतेत चार्ल्स वेकफिल्ड यांच्या कंपनीने 1909 साली मोटारींच्या व विमानांच्या एंजिनांसाठी ‘कॅस्ट्रॉल’ तेल काढले, त्यातही एरंडेल घातलेले होते, हे कळल्यावर आजोबांस मोठे समाधान वाटले होते.

दुसऱ्या बुधलीचा स्वभाव याच्या अगदी उलट. तीत हंगामाप्रमाणे करडईचे वा जवसाचे तेल असे. मन्याडच्या खोऱ्यात दोहोंचीही पिके रब्बीत होत. ही तेले सुकतात. सुकतात म्हणजे त्यांतील पाणी उडून जाते असे नव्हे, कारण पाणी त्यांत नसतेच. हवेतील प्राणवायू शोषून घेऊन त्यांचे रेणू एकमेकांत गुंततात आणि दुधावरच्या सायीसारखा, पण कठीण, पापुद्रा धरतात. रसायनशास्त्रात हा गुण आयोडीन अंकाने मोजतात: जवसाचा अंक 170 च्या वर, एरंडेलाचा 80 ते 90. तुझे सूर्यफूल या दोहोंच्या मधले, अर्धवट सुकणारे, म्हणून बिजागरीच्या सांध्यात त्याचा डिंक झाला. सागवानी खांबाला, तुळईला आणि चौकटीला मात्र हाच दोष गुणकारी ठरतो. पूर्वी करडईचे तेल आगीवर काळे होईतो तापवून त्याचे रोगण करीत आणि ते मोटेच्या कातड्याला व नाड्याला चोळीत, त्यामुळे पाण्यात अहोरात्र भिजूनही कातडे लवकर कुजत नसे.

तुला मेजाला जवसाचे तेल लावावयाचे असल्यास एक ताकीद नीट ध्यानात ठेव. तेल पुसलेले फडके बोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस. प्राणवायू शोषताना उष्णता उत्पन्न होते. ती बोळ्याच्या पोटात कोंडली की कोणी काडी न लावता फडके आपोआप पेट घेते. ते उघड्यावर पसरून वाळव, नाहीतर पाण्यात बुडवून ठेव. आजोबा अशी फडकी अंगणात दोरीवर एकेक सुटी टाकीत, आणि पोरांपैकी कोणी ती गोळा करून आणली की त्याची खरडपट्टी निघे.

तिसरी, नळीच्या तोंडाची लहान बुधली आजीच्या शिलाईच्या यंत्रासाठी. तीत खनिज तेल. ते ना सुकते ना खवट होते. तुझ्या बिजागरीला हेच हवे, पण आधी खीळ उपसून घासलेटाने जुने कीट पुसून काढ, आणि त्या वेळी जवळपास दिवा-शेगडी असू देऊ नकोस. डब्यातून फवारावयाचे ते डब्ल्यूडी-40 तू सुचवतोस. ते 1953 साली सॅन डिएगो येथे पाणी हटवून गंज रोखण्यासाठी तयार झाले. गंजलेला स्क्रू सोडवण्यास ते उत्तम, परंतु त्यातील पुष्कळसा भाग उडून जातो व मागे पातळसा थर राहतो, यास्तव भार पेलणाऱ्या सांध्यात एकट्या त्याच्यावर विसंबू नये. कुलपात तर यांपैकी कोणतेही दाट तेल नको, तेथे धूळ चिकटते. शिसपेन्सिलीचे शिसे किल्लीवर घासून ती दोन-चार वेळा फिरवलीस की पुरे. बाहेरच्या फाटकाला एरंडेल घालण्याचा मोहही आवर. इकडे थंडीत खोबरेल बाटलीत गोठते तेवढ्यावर भागते, तुमच्या हिवाळ्यात एरंडेलही हलेनासे होईल.

तुझी आई दिवाळीनंतर तिकडे निघेल तेव्हा तिच्या सामानात ती नळीची बुधली पाठवतो. रिकामीच पाठवीन, कारण तेल असले की विमानतळावरची मंडळी ती अडवून धरतील.

तुझा,
मामा