गेलेल्या वर्षांचा हिशेब कुणी द्यायचा?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आमच्या भंडारा जिल्ह्यातही घरोघरी मुलांना सांगतात. पण कधी कधी ती पायरी आपण चढत नाही, आपल्याला चढवले जाते.

८ सप्टेंबर २००६ चा जुमा, शब-ए-बरातचा दिवस. मालेगावच्या बडा कब्रस्तान परिसरात बॉम्बस्फोट झाले, तीसहून अधिक माणसे गेली. एटीएसने नऊ मुस्लिमांना आरोपी केले. त्यांतल्या सात जणांना जामिनावर बाहेर यायला नोव्हेंबर २०११ उजाडला. एप्रिल २०१६ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. तोवर नवांपैकी एकाचा इंतकाल झाला होता.

त्या निकालातली एक गोष्ट आम्हाला अजून सलते. अधिकाऱ्यांचे आरोपींशी वैर नव्हते, त्यांनी कर्तव्य बजावले पण चुकीच्या रीतीने, म्हणून त्यांना दोष देता येणार नाही, असेही न्यायालयाने म्हटले.

पोलिसांना संरक्षणच नको, असे आम्ही म्हणणार नाही. त्याच महिन्याच्या २९ तारखेला आमच्या मोहाडी तालुक्यात, खैरलांजीत, एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. वेळेवर धावून येणारा पोलीस किती मोलाचा, हे आम्हाला वेगळे सांगायला नको. प्रत्येक अटकेमागे खटल्याची धास्ती असेल, तर तो हात कसा घालणार? म्हणूनच कर्तव्यातल्या कृतीबद्दल त्याच्यावर खटला चालवायला सहसा सरकारची मंजुरी लागते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ प्रमाणे १२० दिवसांत निर्णय झाला नाही, तर मंजुरी मिळाली असे धरतात. ही सुधारणा चांगलीच आहे.

पण हेतू साफ होता, एवढ्याने भागत नाही. संशयाला आधार काय होता, हेही विचारलेच पाहिजे. म्हणून घरातल्या कुणाला नेले, तर हुज्जत न घालता अटकेचे कारण लेखी मागावे आणि वेळ लिहून ठेवावी. कारण कळणे आणि २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभे केले जाणे, हा संविधानाच्या अनुच्छेद २२ ने दिलेला हक्क आहे. पुढे वाद झाला, तर हाच कागद कामी येतो.

आणि अधिकाऱ्याला माफी असली, तरी सरकारला ती का असावी? विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मधल्या २७७ व्या अहवालात सुचवले आहे की, चुकीच्या खटल्यात भरडलेल्यांना शासनाने भरपाई द्यावी. आमचे मागणे तेवढेच आहे. बाप तुरुंगात असताना मुले मोठी झाली, त्या वर्षांचे देणे कुणाच्या तरी नावावर लिहिले जावे.