मसुद्यातला मंगळवारचा बाजार

जुन्या मंडईच्या जागी बीओटी (बांधा, वापरा, हस्तांतरित करा) तत्त्वावर व्यापारी संकुल उभारायचं नगरपालिकेने ठरवलं आणि कराराचा मसुदा तपासायला माझ्याकडे आला. विकासकाच्या वकिलाने तो कुठल्याशा महामार्गाच्या करारावरून बेतला होता. एका परिशिष्टात ‘टोल प्लाझा’ तसाच राहून गेला होता.

सभेत पहिलाच प्रश्न आला, “वकीलबाई, भागीदारी आहे ना? मग नफ्यात पालिकेचा वाटा किती?” प्रश्न रास्त होता; अशा प्रकल्पांना ‘सार्वजनिक-खासगी भागीदारी’च म्हणतात. पण या करारामुळे उभय पक्षांत भागीदारी निर्माण झाली असे समजू नये, अशी ओळ मसुद्याच्या शेवटी होती. अशा बहुतेक करारांत ती असते आणि मी ती कधी खोडत नाही. 1932 च्या भागीदारी कायद्यात भागीदार एकमेकांच्या वतीने धंदा करतात, नफा वाटून घेतात आणि फर्मच्या देण्याला प्रत्येकजण जबाबदार असतो. विकासकाने सिमेंटवाल्याचे पैसे बुडवले, तर तो पालिकेच्या दारात यायचा! इथे जमीन पालिकेचीच राहणार होती. विकासकाने बांधायचं, चालवायचं, गाळ्यांचं भाडं घ्यायचं, पालिकेला वार्षिक प्रीमियम द्यायचा आणि मुदत संपली की इमारत परत करायची.

खरा मामला जोखमीच्या वाटणीचा. जागा मोकळी करून देणं पालिकेकडे. बांधकामाचा खर्च वाढला किंवा गाळे रिकामे राहिले, तर तोटा विकासकाचा. यातली शेवटची जोखीम विकासकाने हळूच आमच्याकडे सरकवली होती. ‘स्पर्धक सुविधा’ नावाचं कलम होतं: मुदतभर पालिकेने परिसरात दुसरं विक्रीकेंद्र उभारायचं नाही, चालवायचं नाही, चालू द्यायचं नाही; नाहीतर नुकसानभरपाई. महामार्गाला स्पर्धा करणारा दुसरा रस्ता होऊ नये म्हणून असं कलम घालतात, तेच मंडईला चिकटवलेलं. मी वाचून दाखवलं. सभागृह ढिम्म.

“मंगळवारचा बाजार कुठे भरतो?” मी विचारलं. संकुलापासून हाकेच्या अंतरावर, आणि त्याची पावती पालिकाच फाडते. एक ज्येष्ठ नगरसेविका ताडकन उठल्या, “म्हणजे माळवं विकणाऱ्या बायकांपायी आपण दंड भरायचा?”

कागदावर भरपाई, पण मतलब तोच.

मागच्या बाकावरून तोडगा आला: आत्ता सही करू, लोक बोंबलले तर रद्द करू. मी त्यांना कोल्हापूरच्या टोलची आठवण करून दिली. टोलविरोधी आंदोलन जिंकलं, 2015 च्या अखेरीस टोल गेला, पण ठेकेदाराची भरपाई राज्य सरकारच्या गळ्यात पडली. राष्ट्रीय महामार्गांच्या नमुना करारात तर टोलवसुली सुरू झाल्यावर खुद्द ठेकेदाराच्या कसुरीने करार मोडला, तरी देय कर्जाच्या 90 टक्के रक्कम प्राधिकरणाने द्यायची अशी तरतूद होती. बँका त्याशिवाय पैसे लावायला तयार होत नाहीत, हेही खरं. म्हणून करार मोडल्यावर कोण कोणाला किती देणार, तो भाग मी सर्वांत आधी उघडते. प्रीमियमचा आकडा काय, कोणीही वाचतं.

कलम बदललं. आठवडी बाजार वगळला, पथविक्रेतेही वगळले; त्यांना तर 2014 च्या कायद्याचंच संरक्षण आहे. पालिकेने नव्याने बांधलेलं पक्कं व्यापारी संकुल एवढीच स्पर्धक सुविधेची व्याख्या उरली. बदल्यात विकासकाने प्रीमियम कमी करून मागितला. त्यावरची घासाघीस पुढच्या सभेत रंगली, आणि ती नगरसेवकांना शिकवावी लागली नाही.