दूध? मला?

सोमवारी ऑफिसला निघायच्या गडबडीत ब्रावर एक डाग दिसला. पांढरट, रुपयाएवढा. म्हटलं, साबण राहिला असेल. बुधवारी पुन्हा तेच! बाथरूममध्ये दाबून पाहिलं, तर दोन्ही बाजूंनी दुधासारखे थेंब. लग्न नाही, बाळ नाही आणि दूध?

डोक्यात एकच शब्द आला. कुठला, ते तुम्हाला कळलंच असेल.

पुढचे तीन आठवडे मी काय केलं? रोज दाबून पाहिलं आणि रोज घाबरले. साधी सर्दी झाली तरी आईला फोन करणारी मी, पण हे सांगायची लाज वाटली. शेवटी कॅन्टीनमध्ये मैत्रिणीने विचारलं, ''काय गं, चेहरा का उतरलाय?'' आणि मी बोलून टाकलं. दुसऱ्याच दिवशी हाफ डे टाकून ती मला गायनॅककडे घेऊन गेली.

डॉक्टरबाईंनी भराभर प्रश्न विचारले. एका बाजूने की दोन्ही? आपोआप येतं की दाबल्यावर? रंग कोणता? पाळी वेळेवर येते? गाठ आहे का, हे तपासून पाहिलं. मग म्हणाल्या, ''औषधं कुठली घेतेस?''

''कुठलीच नाही. म्हणजे... अ‍ॅसिडिटीची कॅप्सूल, रोज.''

पर्समधली स्ट्रिप त्यांनी उलटी करून वाचली. त्यात डॉमपेरिडोन होतं. मळमळ थांबवणारं हे औषध प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध तयार करणारं हार्मोन, वाढवू शकतं. केमिस्टकडून आणून मी ते चार महिने खात होते!

प्रेग्नन्सी टेस्ट, थायरॉइड, प्रोलॅक्टिन असं सगळं तपासलं. प्रोलॅक्टिन वाढलेलं निघालं. कॅप्सूल बंद झाली आणि दाबून बघणंही, कारण दाबल्यानेच स्राव चालू राहतो. दीड महिन्यात सगळं थांबलं.

दोन्ही बाजूंनी, दुधाळ किंवा हिरवट, दाबल्यावरच येणारा स्राव बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो. तरी एकदा दाखवावं. पण एकाच बाजूने, आपोआप, रक्ताळलेलं किंवा पाण्यासारखं काही येत असेल, गाठ लागत असेल, तर एक दिवसही थांबू नका. तेव्हाही बरेचदा दुधाच्या नळीतली साधी वाढच निघते, पण ते सोनोग्राफी, मॅमोग्राफीने ठरू दे.

नंतर आईला सांगितलं. ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, ''मलाही झालं होतं गं, तू पाचवीत असताना. मी कुणालाच बोलले नाही.''