आंबटाच्या वाटेने

महाड-पोलादपूरकडची जीभ आंबटावर पोसलेली. कालवणात आमसूल हवं, नसेल तर चिंच, तीही नसेल तर आंबोशी. त्यामुळे नोकरीसाठी दुबईला गेल्यावर तिथल्या सुपरमार्केटात माझी पहिली सलगी जमली ती आंबट जिनसांशी. चीज आणि ऑलिव्हच्या फळ्या मी बराच काळ नुसत्या ओलांडत होतो. महाडातली कितीतरी घरं आखातातल्या पगारावर उभी आहेत; सुट्टीवर आलेल्याच्या बॅगेतून निघणारं टँग, निडो आणि खजूर एवढाच आम्हाला लहानपणी माहीत असलेला परदेश.

आधी हाती लागली लूमी. काळपट, वजनाला अगदीच हलकी. अख्खी लिंबं मिठाच्या पाण्यात उकळून उन्हात कडकडीत वाळवायची, ही ओमानकडची रीत. मग ती टोचून मटणाच्या नाहीतर मासळीच्या रश्श्यात सोडायची. मी बांगड्याच्या कालवणात टाकून पाहिली. आंबटपणा आला, पण मागे कडवट चव रेंगाळली. सुमाकशी मात्र लगेच जमलं. ही जांभळट-लाल भरड चिरलेल्या कांद्यावर भुरभुरली की भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही.

खरी गंमत मँगोस्टीनची. थायलंडहून आलेलं, जाड जांभळ्या सालीचं, महागडं फळ. आपल्या रातांब्याचं हे भावंड. दोघांचं कुळ गार्सिनिया. पण मँगोस्टीनचा आतला पांढरा गर खायचा आणि साल फेकायची. आपण रातांब्याच्या सालींना रसाची पुटं देत त्या वाळवतो, गराला कोण विचारतं! आमच्याकडे पावसाच्या तोंडावर रातांबे झाडाखाली सडतात, आणि इथे त्यांचा भाऊ जाळीच्या पिशवीत बसून दिरहम मागतो.

पिठांच्या फळीपाशी एकदा ऑफिसातला केनियन सहकारी भेटला. त्याच्या टोपलीत भारतातून आलेलं नाचणीचं पीठ. मी कौतुकाने विचारलं, तर म्हणाला, हे आमचंच धान्य, आई रोज सकाळी याची उजी करायची. उजी म्हणजे पातळ पेज. त्याचं खरंच होतं. नाचणी मूळची पूर्व आफ्रिकेतल्या डोंगराळ मुलखातली. भारतात आली त्यालाही हजारो वर्षं झाली. पोलादपूरच्या उतारांवर राब भाजून, वरकस जमिनीत लावलेली नाचणी, जिच्या भाकरीएवढं अस्सल गावठी अन्न आम्हाला दुसरं सुचत नाही, तीही बाहेरूनच आलेली. मिरची पोर्तुगीजांनी आणली हे शाळेपासून ऐकत आलो होतो, त्याचं कधी काही वाटलं नाही. नाचणीचं मात्र सातबाऱ्यावरून नाव कमी झाल्यासारखं लागलं.

मग मी त्याला आंबील सांगितली: ताक, मीठ, ठेचलेला लसूण. तो उजीत साखर घालणारा. त्याने तोंड वाकडं केलं, “धान्य आमचं, ताक तुमचं,” म्हणाला आणि पाकीट घेऊन बिलाच्या रांगेत जाऊन उभा राहिला.