फाटकावरचा कागद

चेन्नईहून उत्तरेला निघालेल्या बहुतेक लोकल गुम्मिडिपूंडीला संपतात. त्यापलीकडे आंध्र. इथल्या 'सिपकॉट'च्या औद्योगिक वसाहतीत लोखंड वितळवणारे, जुन्या बॅटऱ्यांतून शिसे काढणारे कारखाने आहेत. अशाच एका कारखान्यात तो फिटर होता. मूळचा रत्नागिरीचा.

त्या दिवशी तो भर दुपारी घरी आला. डबा तसाच भरलेला.

"फाटकावर कागद लावलाय," तो म्हणाला. "वीजही तोडली."

कागद तमिळनाडू प्रदूषण नियंत्रण मंडळाचा होता. पूर्वी पाणी नासवणाऱ्याला रोखायचे तर मंडळाला कोर्टाची पायरी चढावी लागे. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यात १९८८ साली ३३-अ हे कलम आले आणि लेखी आदेशाने कारखाना बंद करण्याचा, वीज-पाणी तोडायला लावण्याचा अधिकार मंडळालाच मिळाला. हवेच्या कायद्यातही तसेच कलम आहे. एरवी आधी नोटीस येते, म्हणणे मांडायला मुदत मिळते. मालकाला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दादही मागता येते. कामगाराच्या पगाराविषयी मात्र त्या कलमात अवाक्षर नाही!

तिला अण्णा आठवले, तिचे वडील. १९९३ साली रत्नागिरीत स्टरलाइटच्या तांब्याच्या कारखान्याविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा अण्णाही आंब्याच्या कलमांच्या काळजीने मोर्चात गेले होते. बांधकाम थांबवायचा आदेश निघाला त्या दिवशी घरात गोडधोड झाले. कारखाना पुढे गेला तो तमिळनाडूतच, तूत्तुकुडीला. तिथे मे २०१८ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात १३ माणसे गेली आणि त्याच महिन्यात तो बंद झाला. मधली वीस-बावीस वर्षे तो धूर दुसऱ्या कुणाची तरी मुले घेत होती, हे अण्णांच्या घरात कधी कुणाच्या मनात आले नव्हते.

तिच्या धाकट्याचे पोट सारखे दुखायचे. तो चिडचिडा झाला होता, पाढे विसरायचा. डॉक्टरांनी बाप काय काम करतो ते विचारले आणि रक्त तपासायला सांगितले. रक्तात शिसे निघाले. शिशाची धूळ कपड्यांवरून घरात येते, मुलांच्या मेंदूला बाधते आणि अमुक इतके चालेल असे त्याचे प्रमाणच नाही, हे तिला त्या दिवशी कळले. नवऱ्याचा निळा गणवेश ती रोज धाकट्याच्या कपड्यांबरोबरच भिजवत होती.

"अर्जाची प्रत ऑफिसात आली होती," तो म्हणाला. "वस्तीतल्या बायकांचा अर्ज. सगळ्या सह्या तमिळमध्ये. एकच मराठीत."

तिने मान खाली घातली. "अहो, रिपोर्ट दाखवणार होते तुम्हाला. धीर झाला नाही."

"दाखव."

त्याने कागद दोनदा वाचला. मग अंगातला शर्ट काढला, बाहेर नेऊन वेगळ्या बादलीत टाकला आणि नळाखाली कोपरापर्यंत हात घासू लागला.

"धूर गाळायचं यंत्र बसवलं तर बंदी उठेल म्हणतात," तो बाहेरूनच म्हणाला. "तोवर दुसरीकडे बघतो. धाकट्याला शाळेतून आज मी आणतो."