तोबाचे मोती, तोसाची पोवळी

जपानमधील नागोया शहरातून किंतेत्सू रेल्वेने निघाले की पावणेदोन तासांच्या आसपास तोबा हे समुद्रकाठचे छोटे शहर लागते. स्टेशनपासून चालत जाता येईल इतक्या जवळ एक बेट आहे. याच तोबात १८५८ साली मिकिमोतो कोकिची यांचा जन्म झाला. घरचा धंदा शेवया विकण्याचा. १८९३ साली याच बेटावर त्यांना जिवंत शिंपल्यात वाढवलेला अर्धगोल मोती मिळाला. पुढे निशिकावा आणि मिसे या संशोधकांनी पूर्ण गोल मोत्याची रीत बसवली. शिंपल्यापासून घडवलेला मणी आणि दुसऱ्या शिंपल्याच्या मांसल पडद्याचा तुकडा जिवंत शिंपल्यात ठेवतात. त्या मण्यावर थर चढत जातात आणि मोती तयार होतो.

मिकिमोतोंचे नाव जगभर झाले. पण समुद्राच्या तळातून शिंपले कोण वर आणीत होते? तर 'आमा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कष्टकरी बाया. पाठीवर हवेची टाकी नाही, श्वास रोखून बुडी मारायची. वर आल्यावर त्या तोंडाने शिटीसारखा आवाज काढीत श्वास सोडतात. मोत्याच्या धंद्याला आज त्यांची गरज उरलेली नाही. बेटावर पांढऱ्या कपड्यांतील आमा पर्यटकांना बुडी मारून दाखवतात. आजूबाजूच्या गावांत मात्र काही बाया अजूनही समुद्रातून कालवे आणि शेवाळ काढून पोट भरतात.

पोवळ्याची कथा शिकोकू बेटावरील कोची भागाची. त्याचे जुने नाव तोसा. सरंजामशाहीच्या काळात तेथे पोवळे काढण्यास बंदी होती. जाळ्यात पोवळे आले तरी कोळ्यांनी त्याचा उच्चार करायचा नाही! त्या भागातील मुलांच्या एका जुन्या गाण्यात ही दहशत अजून शिल्लक आहे. १८६८ नंतर मेइजी राजवटीत बंदी उठली आणि तोसाच्या गडद तांबड्या पोवळ्याला परदेशी व्यापारी मिळाले.

हे पोवळे फार सावकाश वाढते. त्याच्या व्यापारावर लक्ष राहावे म्हणून २००८ साली चीनने चार जातींची नोंद आंतरराष्ट्रीय वन्यजीव व्यापार कराराच्या तिसऱ्या परिशिष्टात केली. म्हणून जुन्या मण्यांना मोल आहे. किमोनोचा रोजचा वापर सुटला, तशा पोवळ्याचा मणी लावलेल्या केसांच्या काट्या पेटीत पडून राहिल्या. कारागीर असे मणी सोडवून जुन्या मोत्यांबरोबर रेशमी दोऱ्यात ओवतात. प्रत्येक मोत्यानंतर गाठ मारतात, म्हणजे दोरा तुटला तरी सारे मोती सांडत नाहीत आणि एकमेकांवर घासतही नाहीत.

आपल्याकडे मात्र पोवळे म्हटले की मंगळाची अंगठी आठवते. समुद्रातल्या एका जीवाचा सांगाडा आपल्या मुलीचे लग्न जमवील, ही समजूत बौद्ध घरात शोभत नाही. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली महाडला आपल्या माता-भगिनींना अस्पृश्यतेची खूण ठरलेले जडशीळ दागिने टाकून देण्यास सांगितले होते. दागिना ही गुलामीची निशाणी होऊ शकते, हे त्यांनी ओळखले होते. आज लग्नासाठी कर्ज काढून घेतलेले सोनेही तशीच बेडी होते.

अंगुत्तर निकायातील पहाराद सुत्तात महासागराचे आठ गुण येतात. सागरात मोती आणि पोवळी आहेत, असे त्यात सांगितले आहे. त्याच सुत्तात असेही आहे की नद्या सागराला मिळाल्यावर आपली नावे सोडतात, तसे चारही वर्णांचे लोक संघात आल्यावर आपले नाव-गोत्र सोडतात. तथागतांनी धम्मातील रत्ने कोणती सांगितली? स्मृतिप्रस्थाने, आर्य अष्टांगिक मार्ग आणि अशीच इतर.

भगिनींनो, हौसेने मोत्याची माळ जरूर घाला. फक्त ती ओवणाऱ्या हातांची आणि बुडी मारणाऱ्या बाईची आठवण ठेवा. आणि कर्ज काढायचेच असेल, तर ते मुलीच्या शिक्षणासाठी काढा.