खिळ्यावरचे जुने कॅलेंडर

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या घरी वहीची पूजा होते. आमचे घराणे व्यापाऱ्याचे नव्हे; पण माझे वडील सांगलीच्या गणपती पेठेत एका अडत्याच्या पेढीवर दिवाणजी होते, आणि पेढीवरची पूजा आटोपून घरी आले की दूध-किराण्याच्या वहीलाही ते हळदकुंकू लावीत. वडील गेले, पण चाल राहिली. 2024 सालच्या दिवाळीत मात्र मी चौरंग मांडला, तांदळाचे स्वस्तिक काढले आणि वही मागितली, तेव्हा सौभाग्यवतीने आपला मोबाइल माझ्या हातात ठेवला.

"अहो, आता सगळा हिशेब यातच असतो," ती म्हणाली.

मी हळदीचे बोट टेकवले. काचेवर कुंकू ठरेना. कोपऱ्यातून आई म्हणाली, "यावरून लक्ष्मीसुद्धा घसरायची हो!" आम्ही सगळे हसलो. त्या वेळी ते हसण्यावारीच गेले.

सौभाग्यवती आणि गल्लीतल्या सहाजणी मिळून दिवाळीचा फराळ करून विकतात. चकल्या, करंज्या, चिवडा आणि मुख्य म्हणजे अनारसे. त्यांचे डबे पुण्या-मुंबईला जातात, आणि दोन-चार परदेशीही रवाना होतात. पूर्वी याचा हिशेब एका दोनशे पानी वहीत असे. तिच्या प्रत्येक पानावर तेलाचा एक तरी डाग असायचा. माझा भाचा इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. त्याला ही वही पाहवेना. त्याने एका संध्याकाळी बसून इंटरनेटवर सामाईक तक्ता तयार केला आणि सातही जणींच्या घरी तो फोनवर दिसेल अशी व्यवस्था केली. "मामी, आता कुणीही कुठूनही लिहा, सगळ्यांना त्याच क्षणी दिसेल," तो म्हणाला. आणि खरोखरच, एक बाई मिरजेला तीळ आणायला गेली, तर ती परत येण्याआधी तिळाचा भाव आमच्या स्वयंपाकघरात पोचला! मी पडलो चित्रकलेचा मास्तर. अंकांशी माझे पहिल्यापासून वाकडे. मी त्या तक्त्याचे तोंडभरून कौतुक केले. कादंबरीचे एकेक प्रकरण प्रकाशकाकडे धाडण्याआधी त्याची झेरॉक्स काढून ट्रंकेत ठेवणारा मी, पण या तक्त्याची दुसरी प्रत कुठे आहे, हे विचारायचे मला एकदाही सुचले नाही.

या बायकांचा एक रिवाज आहे. दिवाळी झाली की निम्मी मजुरी घ्यायची आणि निम्मी पुढच्या हंगामाचे भांडवल म्हणून ठेवायची. ती रक्कम पुढच्या श्रावणात हिशेब करून ज्याची त्याला मिळते. कुणाचे किती राहिले, ते त्या तक्त्यात.

2025च्या श्रावणात सौभाग्यवतीने तक्ता उघडला, तो उघडेना. अशी फाइलच नाही, असे फोन म्हणू लागला. भाच्याला विचारले, तेव्हा उलगडा झाला. तक्ता होता त्याच्या कॉलेजने दिलेल्या खात्यात. तो परीक्षा पास होऊन बाहेर पडला आणि कॉलेजने नियमाप्रमाणे खाते बंद केले. आधी सूचना आल्या होत्या. त्या त्याने वाचल्या नव्हत्या. दोष कॉलेजचा नव्हता, यंत्राचाही नव्हता. सातजणींच्या हातात किल्ल्या होत्या. घर मात्र एकट्या त्याच्या नावावर होते, आणि हे सातांपैकी एकीलाही ठाऊक नव्हते.

गिऱ्हाइकांचे पत्ते जुन्या निरोपांतून सापडले. अनारशाचे प्रमाण हातातच होते. अडले ते उरलेल्या मजुरीपाशी. त्या संध्याकाळी सगळ्याजणी आमच्या ओट्यावर जमल्या. एकीकडे पडद्याचा काढून ठेवलेला फोटो निघाला, दुसरीकडे मुलीला पाठवलेला निरोप. कोपऱ्यावरच्या घरातल्या काकूंकडे मात्र असे काहीच नव्हते. काकूंना फोनवर लिहिता येत नाही. त्यांच्या नोंदी सौभाग्यवतीच करी.

"माझे चार हजार तीनशे पन्नास राहिलेत," काकू म्हणाल्या.

"मला वाटतं, साडेतीन हजारांच्या आसपास होते," सौभाग्यवती चाचरत म्हणाली.

ओट्यावर कुणी काही बोलेना. वर्षानुवर्षे एका परातीत हात घालून पीठ मळणाऱ्या त्या बायका. पण त्या घटकेला प्रत्येकजण दुसरीची नजर चुकवीत होती. तेव्हा मी, मास्तरकीच्या सवयीने, विचारले, "काकू, तुमच्याकडे काही लेखी आहे का?"

काकूंनी एकदा माझ्याकडे पाहिले, चपला पायात घातल्या आणि त्या निघून गेल्या. त्या रागावल्या असेच मला वाटले. पण दहा मिनिटांनी त्या परत आल्या, त्या गेल्या वर्षीचे कॅलेंडर गुंडाळून घेऊन. त्यांच्या घरी नवे कॅलेंडर जुन्याच्या अंगावर त्याच खिळ्याला लावतात. दुधाच्या अर्ध्या लिटरांच्या आकड्यांखाली, त्या त्या तारखेच्या चौकटीत, 'अ' आणि पुढे आकडा: त्या दिवशी केलेले अनारसे, किलोंमध्ये. आम्ही बेरीज केली. 145 किलो. किलोला 60 रुपयांप्रमाणे 8,700. निम्मे 4,350.

सौभाग्यवतीने आत जाऊन पैसे आणले आणि काकूंच्या हातात ठेवताना त्यांचे दोन्ही हात धरले. मी मान खाली घातली. जो पुरावा माझ्या घरी नव्हता, तो मी दुसऱ्याच्या घरी मागितला होता!

भाचा पुढच्या रविवारी आला, तो वरमूनच. पण त्याने या वेळी नीट समजावून सांगितले, आणि ते तुम्हालाही सांगण्याजोगे आहे. सामाईक असणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे. सात फोनांवर दिसतो तो तक्ता सात ठिकाणी नसतो; तो एकच असतो आणि सातजणांना दिसतो. एकाने पुसला की साऱ्यांचाच पुसला. चुकून टाकून दिलेले परत मिळते, पण त्यालाही मुदत आहे. गूगल ड्राइव्हच्या केराच्या टोपलीतली फाइल 30 दिवसांनी कायमची जाते. मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंटमध्ये ही मुदत 93 दिवसांची. स्लॅक नावाच्या कचेरीतल्या गप्पांच्या साधनात फुकटच्या योजनेवर फक्त मागच्या 90 दिवसांचे निरोप दिसतात, आणि 2024पासून वर्षापेक्षा जुने निरोप पुसलेच जातात. आमचा धंदा वर्षातून एकदा जागा होणारा. आमचा श्रावण उजाडेपर्यंत या सगळ्या मुदती केव्हाच उलटलेल्या!

म्हणून 'बॅकअप' वेगळा घ्यावा लागतो. तक्ता आपल्या संगणकावर उतरवून घ्यायचा. गूगलवरचा सगळा पसारा एकदम हवा असेल तर 'टेकआउट' नावाची सोय आहे. जाणकारांचा नियम तीन-दोन-एकचा. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने तो प्रचारात आणला: प्रती तीन, साधने दोन प्रकारची आणि एक प्रत दुसऱ्या जागी. आणि प्रत नुसती घेऊन भागत नाही. ती उघडते का, हेही अधूनमधून पाहावे लागते.

हे ऐकताना मला वडिलांची पेढी आठवली. तिथे रोजचा व्यवहार आधी किर्दीत उतरे आणि मग खतावणीत ज्याच्या त्याच्या नावावर चढे. "एकच गोष्ट दोनदा कशाला लिहायची?" असे मी लहानपणी विचारले होते. वडील म्हणाले, "एक वही चुकली तर दुसरी बोलते." आणि शेटजी रात्री पेढी बंद करताना खतावणी फडक्यात बांधून घरी नेत. क्रोगसाहेबांचा नियम गणपती पेठेत कुणी पाठ केला नव्हता, पण पाळला मात्र जात होता.

यावरून कागद तेवढा खरा आणि यंत्र खोटे, असे मात्र मी म्हणणार नाही. ऑगस्ट 2019मध्ये कृष्णेचे पाणी पेठेत शिरले, तेव्हा पूर ओसरल्यावर दुकानांपुढे वाळत घातलेल्या वह्या मी पाहिल्या आहेत. शाई पाण्याबरोबर गेलेली आणि पाने फुगून एकमेकांना चिकटलेली. ज्याचे उतारे वरच्या मजल्यावर होते, तो तरला. कागद असो वा काच, एकुलत्या एका प्रतीला भरवसा नाही.

यंदा आमचा तक्ता गटासाठी काढलेल्या खात्यात आहे, आणि त्याच्या किल्ल्या दोघींकडे. दर शनिवारी तो पेनड्राइव्हवर उतरतो, महिनाअखेर वहीत. दसऱ्याला आम्ही पेनड्राइव्ह उघडून पाहिला. सगळे आकडे जागच्या जागी होते. लक्ष्मीपूजनाला चौरंगावर फोन, पेनड्राइव्ह आणि वही अशा तिघांनाही जागा मिळणार आहे. वहीवर कुंकू ठरेल, याचे आईला समाधान आहे.

पण खरा धडा त्या संध्याकाळी ओट्यावरच मिळाला होता. काकू उठल्या, तेव्हा मी म्हणालो, "काकू, हे कॅलेंडर आमच्याकडेच राहू द्या. जपून ठेवतो."

काकूंनी ते शांतपणे गुंडाळले आणि काखेत घेतले.

"नको मास्तर," त्या म्हणाल्या, "तुमच्याकडं तुमचं असू द्या, माझ्याकडं माझं."